खांबांच्या वाटेने: अपोलो बंदर ते मांडवी

सोमवार, अपोलो बंदर

मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचे आणि वाटेत खांब पाहायचे, असा बेत बरेच दिवस मनात होता. बंदरातल्या धक्क्यांना उचलून धरणारे, नद्यांवरचे पूल पेलणारे आणि मोठ्या इमारतींच्या कमानींचा भार जमिनीत उतरवणारे असे सगळेच खांब त्यात धरले होते. सोबतीला मामेभाऊ होता. तो स्थापत्य अभियंता असून त्याची आजवरची नोकरी पुलांच्या कामांवरच झालेली आहे, त्यामुळे माझ्या प्रश्नांना कंटाळणार नाही असा हक्काचा माणूस मिळाला. पावसाळ्यात खांबांचे पाय पाण्याखाली असतात, म्हणून नद्यांचे पाणी उतरल्यावर, डिसेंबरात निघालो.

सुरुवात गेटवे ऑफ इंडियापासून केली, कारण इमारत आणि बंदर या दोन्ही गोष्टी तिथे एकाच जागी भेटतात. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही वास्तू ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीनच मुळात 1915 ते 1919 या काळात समुद्र हटवून तयार केलेली आहे. पाया 1920 मध्ये पुरा झाला आणि 4 डिसेंबर 1924 रोजी गेटवे खुले झाले. पिवळसर बेसाल्ट आणि सळईचे काँक्रीट असे त्याचे बांधकाम आहे. मधला घुमट सुमारे 15 मीटर व्यासाचा असून त्याचा माथा जमिनीपासून सुमारे 25 मीटर उंच आहे. आलेला प्रत्येक माणूस मान वर करून कमान पाहतो, पण आम्ही कमानीच्या दोन्ही बाजूंचे जाडजूड दगडी खांबच पाहत राहिलो.

भाऊ म्हणाला, "दादा, वरचे वजन पेलणे हे खांबाचे सोपे काम. दगड दाबला गेला तर सहसा फुटत नाही. खांबाची खरी परीक्षा आडव्या जोराने होते." कमान आपला भार सरळ खाली सोडत नाही, ती पाय फाकवू पाहते आणि खांबांना बाहेरच्या बाजूला ढकलते. त्या ढकलण्याला पुरे पडेल इतके वजन खांबात आणि खांबाच्या माथ्यावर असावे लागते. दगडी कमानींच्या जुन्या वास्तूंत कडेच्या खांबांवर बुरूज, मनोरे किंवा निदान जड भिंत चढवलेली असते, त्यामागे शोभेइतकेच हेही कारण असते. खांबाच्या डोक्यावर वजन वाढले की आडवा जोर वळून खाली पायाकडे जातो. हे एकदा ध्यानात आल्यावर पुढचा सगळा प्रवास मी याच नजरेने केला.

गेटवेच्या मागच्या अंगाला पायऱ्या उतरून लाँचच्या जेट्ट्या आहेत. लाँच येऊन टेकते तेव्हा तिचा धक्का टायर झेलतात आणि उरलेला जोर खांबांकडे जातो. या धक्क्याची ताकद बोटीच्या वजनाबरोबर वाढते, पण वेगाबरोबर त्याहून फार जास्त वाढते, कारण वेग दुप्पट झाला तर धक्क्यातली ऊर्जा चौपट होते. लाँच धक्क्याजवळ येताना तांडेल इंजिन जवळजवळ बंद करून तिला नुसती वाहत आणतो, त्याचा हिशेब हाच आहे.

मंगळवार, घारापुरी

लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून आज गेलो. बेटाभोवती पाणी उथळ आणि तळ चिखलाचा असल्यामुळे लाँच किनाऱ्याला लागूच शकत नाही. किनाऱ्यापासून समुद्रात लांबवर गेलेली जेट्टी, तिच्यावरची छोटी आगगाडी आणि दोन्ही बाजूंना ओहोटीत उघडा पडलेला चिखल यांतून धक्का कशासाठी असतो हे एका दृष्टिक्षेपात कळते: जिथे पाणी खोल आहे तिथपर्यंत जमीन नेऊन पोचवायची.

मुख्य लेण्यातले खांब मात्र या प्रवासातले अगदी निराळे निघाले. ते कोणी उभारलेले नाहीत. डोंगर आतून कोरत नेला आणि जे ठेवायचे ते ठेवले, असे ते खांब आहेत. खांब, छत आणि जमीन हा एकच अखंड खडक असल्यामुळे इथे सांधा नाही आणि कमानीचा रेटाही नाही. काही खांब भंगले होते आणि ते पुढे नव्याने बसवले गेले, तरी मधल्या काळात छत जागच्या जागी राहिले, कारण खडक आपल्याच बळावर एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत टिकून होता. उशीसारख्या गोल फुगीर माथ्यावरून हात फिरवला तेव्हा छिन्नीच्या खुणा बोटांना अजून लागत होत्या.

बुधवार, भाऊचा धक्का ते मांडवा

लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईत प्रवाशांसाठी धक्का बांधला आणि त्यांचे नाव मागे राहिले. आजचा धक्का त्या मूळ जागेवर नाही, पण नाव तेच आहे आणि कामही तेच आहे. मोरा आणि रेवस इथे जाणाऱ्या लाँच अजून इथूनच सुटतात. सकाळी मासळीची आवक, बर्फाच्या गाड्या आणि पाट्या घेऊन चाललेल्या कोळणी यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही धक्क्याच्या कडेला पोचलो. मोऱ्याच्या लाँचवरच्या खलाशाला वेळापत्रक विचारले तर तो म्हणाला, "पाणी बघूनच सुटते ओ. ओहोटीला तिकडे गाळात बसते ना." उरणकडच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसलेला हा त्रास आहे आणि धक्क्यांच्या विषयात तो दुय्यम मानता येत नाही. भरीव दगडी धक्का पाण्याची वाट अडवतो आणि पाणी मंदावले की गाळ खाली बसतो. त्याउलट खांबांवर उभ्या केलेल्या जेट्टीखालून भरतीचे पाणी येत-जात राहते. म्हणून गाळाच्या खाडीत धक्का भरीव बांधायचा की खांबांवर, हा पुढच्या पन्नास वर्षांचा निर्णय असतो. तरीही नुसते खांब रोवून गाळाचा प्रश्न पुरता सुटत नाही. गाळ नेमाने काढावा लागतो, आणि तो काढला जात नाही तेव्हा एवढा खर्च करून बांधलेला धक्का दिवसातले काही तास निरुपयोगी होऊन बसतो.

ओहोटी असल्यामुळे खांबांचे अंग उघडे पडले होते. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरने खालीवर होते. सर्वांत खालचा, कायम पाण्यात असणारा भाग काळा आणि चिकट होता. त्याच्यावर कालवे आणि शिंपले यांचा थर होता, इतका दाट की मूळचे काँक्रीट दिसतच नव्हते. त्याच्याही वर, जिथे पाणी कधी लागते, कधी नुसते तुषार उडतात आणि कधी ऊन पडते, त्या पट्ट्यात एका जुन्या खांबाचे कवच फुटून आतली तांबारलेली सळई बाहेर आली होती. मला वाटत होते की सर्वांत जास्त नुकसान पाण्याखाली होत असेल. भावाने सांगितले की लोखंड गंजायला मीठ, ओल आणि प्राणवायू असे तिन्ही लागतात. खोल पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे तिथे गंज हळू चढतो. भरती-ओहोटीच्या आणि तुषारांच्या पट्ट्यात मात्र तिन्ही भरपूर मिळतात. समुद्राचे मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. म्हणून समुद्रातल्या खांबात सळईवरचे काँक्रीटचे कवच जाड ठेवावे लागते आणि काँक्रीट घट्ट, कमी पाणी शोषणारे असावे लागते. बांधताना या बाबतीत दाखवलेला हलगर्जीपणा लगेच दिसून येत नाही, तो पंधरा-वीस वर्षांनी वर येतो, आणि तोवर त्याची जबाबदारी कोणाकडेच राहिलेली नसते.

मांडव्याला जाणारी रो-रो बोट 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली. मोटार बोटीत चढवून आम्ही वरच्या मजल्यावर उभे राहिलो. उत्तरेला अटल सेतूची पुसट रेघ दिसत होती. 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला हा पूल जवळपास 21.8 किलोमीटर लांब आहे आणि त्यातला सुमारे 16.5 किलोमीटर भाग समुद्रावर आहे. जिथून जहाजे जातात तिथे खांब एकमेकांपासून खूप दूर ठेवून त्यांच्यामध्ये पोलादी गाळे टाकले आहेत, काही ठिकाणी 180 मीटरपर्यंतचे. खांब जितके कमी, तितका जहाजाचा आणि प्रवाहाचा अडसर कमी. पण मग प्रत्येक खांबावरचा भार तितकाच वाढतो. पुलाच्या आराखड्यातली बरीचशी ओढाताण या दोन टोकांमधली असते.

मांडव्याला लाटा अडवणारा दगडांचा बांध घातलेला आहे, त्याच्या आडोशाला पाणी शांत होते. गाडी उतरवून अलिबागकडे न वळता आम्ही पेणमार्गे गोवा महामार्ग धरला आणि मुक्कामाला महाड गाठले.

गुरुवार, सावित्री

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीला आलेल्या पुरात महामार्गावरचा इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी आणि काही खासगी वाहने अंधारात नदीत कोसळली. कोकणातल्या माणसाला ही रात्र आठवत नाही असे होत नाही. ज्या गाडीने आपण शंभर वेळा गेलो असू तीच ती गाडी, असे त्या दिवशी कितीतरी घरांत वाटले होते. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 5 जून 2017 रोजी वाहतुकीला खुला झाला.

नव्या पुलाच्या अलीकडे गाडी लावून आम्ही नदीत उतरलो. डिसेंबरातली सावित्री गुडघ्याएवढी होती आणि गोट्यांवरून खळखळत होती. हीच नदी एवढा पूल नेऊ शकते हे डोळ्यांना पटत नव्हते. भावाने खांबाच्या पाण्याकडच्या तोंडाशी उभे राहून काय घडते ते समजावले. पुराचे पाणी खांबावर आदळते तेव्हा ते नुसते दोन बाजूंना फुटत नाही, त्याचा एक भाग खांबाला धरून खाली वळतो, तळाशी भोवरा तयार होतो आणि तो भोवरा खांबाच्या पायाशी असलेली वाळू-गोटे उकरून मागे फेकतो. समुद्रकिनारी लाट मागे जाताना टाचेखालची वाळू सरकून आपला तोल जातो, तसेच हे होते. जुन्या दगडी पुलांच्या खांबांना प्रवाहाकडून होडीच्या नाळेसारखे टोक काढलेले असते ते हा मार हलका करण्यासाठी. पण खरा बचाव खोल पायाचाच असतो. आपल्याकडे मोठ्या नद्यांवर विहिरीसारखे पोकळ पाये आतली माती काढत काढत खाली उतरवतात किंवा खडकापर्यंत पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, नेतात, ते पुरात तळ कितीही खरवडला गेला तरी खांबाचा पाय त्याच्या खाली असावा म्हणून.

दगडी कमानींच्या पुलात आणखी एक गोष्ट असते. मधल्या प्रत्येक खांबावर डावीकडची कमान उजवीकडे आणि उजवीकडची कमान डावीकडे रेटत असते. दोन्ही रेटे एकमेकांना तोलून धरतात, म्हणून मधले खांब बारीक असले तरी चालतात. मात्र एक खांब खचला की त्याच्या शेजारच्या खांबाला एकाच बाजूचा रेटा उरतो आणि तो पेलण्याइतकी जाडी त्याच्यात नसते. त्यामुळे असा पूल पडायला लागला की एका गाळ्यावर थांबत नाही. म्हणून काही जुन्या लांब पुलांत ठरावीक गाळ्यांनंतर एक जास्त जाड खांब मुद्दाम ठेवलेला सापडतो, पडझड तिथे अडावी म्हणून.

मला सर्वांत अस्वस्थ करून गेली ती यापुढची माहिती. पूर ओसरताना पाण्याचा वेग कमी होतो आणि वाहून आणलेला गाळ त्या उकरलेल्या खड्ड्यात परत भरतो. हिवाळ्यात तपासणीला आलेल्या माणसाला खांबाभोवती सपाट, निर्धास्त तळ दिसतो. खड्डा किती खोल गेला होता हे त्याला वरून पाहून कळणे शक्य नसते. वरच्या पोकळ वाळूला पायाचा भक्कम आधार समजून तो निघून जातो. त्यामुळे पुराच्या ऐन काळात तळाची खोली मोजणारी साधने खांबावर कायमची बसवणे आणि पाण्याखाली पाणबुडे उतरवून पाया पाहणे या खर्चाला चैन म्हणता येणार नाही. त्यात नद्यांमधला आणि खाड्यांमधला वाळूउपसा मिळवला की चित्र अधिक गंभीर होते, कारण बेसुमार उपशाने सगळा तळच खाली जातो आणि जो पाया बांधताना पुरेसा खोल होता तो उथळ ठरतो. रस्त्यावर खड्डा पडला तर आपण ओरडतो, आणि ओरडायलाच हवे. पण पुलाच्या पायाशी काय चालले आहे हे विचारण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही, आणि ती लागली पाहिजे असे मला तिथे उभे असताना फार तीव्रतेने वाटले.

संध्याकाळी रत्नागिरी. मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारी नौका एकमेकींना लागून इतक्या दाट उभ्या होत्या की धक्का दिसेना.

शुक्रवार, पानवल

रत्नागिरी आणि निवसर या स्थानकांच्या दरम्यान कोकण रेल्वे पानवल नदीची दरी ओलांडते. पूल 424 मीटर लांब आहे आणि त्याचा सर्वांत उंच खांब सुमारे 64 मीटर आहे. आगगाडीत बसून जाताना ही उंची नीट कळत नाही. खिडकीतून एकदम झाडांचे शेंडे खाली जातात आणि क्षणात परत वर येतात, इतकेच. आम्ही खालून गेलो. दरीच्या तळाशी उभे राहून वर पाहिले तर पुलाची पट्टी बोटाएवढी बारीक वाटत होती.

एवढे उंच खांब आतून पोकळ आहेत. वाऱ्याने खांब वाकू पाहतो तेव्हा खरा ताण त्याच्या बाहेरच्या अंगावर येतो, मधल्या गाभ्याला फारसे काम नसते. गाभा काढून टाकला तर वजन घटते, पायावरचा भार घटतो आणि भूकंपात हलणारे वस्तुमानही घटते. खांबाचे काँक्रीट ओतताना साचा थोडा थोडा वर सरकवत नेला. वरचा पूल दरीच्या एका टोकाला तुकड्यातुकड्याने तयार करून जॅकने पुढे ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत पोचवला, आणि भारतात ही पद्धत इथेच पहिल्यांदा वापरली गेली. ढकलताना पुलाच्या घर्षणाने प्रत्येक खांबाचा माथा पुढे ओढला जातो, तेव्हा पूल पुरा होण्याआधीच खांबांना आडवा जोर सोसावा लागला होता. आता तो जोर वारा लावतो. पुलाजवळ वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवलेले आहे आणि वारा फार वाढला तर गाड्या हळू चालवतात किंवा थांबवतात. तशीच यंत्रे मांडवी, झुआरी आणि शरावती नद्यांवरच्या रेल्वे पुलांसाठीही आहेत.

इथून भाऊ कामासाठी परत फिरला. मी गाडीने पुढे गोव्याला आलो.

शनिवार, जुने गोवे

से कॅथेड्रलचे काम 1562 मध्ये सुरू झाले आणि मूळ वास्तू 1619 मध्ये पुरी झाली. लांबी सुमारे 76 मीटर. बाहेरून पांढराशुभ्र दिसणारा हा डोलारा आत जांभ्या दगडाचा आहे, वर चुन्याचा गिलावा. आत शिरताच मधल्या उंच दालनाला दोन्ही बाजूंच्या दालनांपासून वेगळे करणारे जाड खांब दिसतात. जांभा हा मऊ दगड आहे, खाणीतून निघताना तर तो सहज कापता येतो. त्यामुळे बेसाल्टमध्ये जे खांब बारीक करता आले असते ते इथे भरदार ठेवावे लागले. मधल्या छताचा बाहेरचा रेटा खांबांवर येतो, तिथून बाजूच्या दालनांवर आणि पुढे प्रार्थनाकक्षांच्या आडव्या भिंतींवर. सगळा भार पायरीपायरीने जमिनीत उतरवला आहे. दोन मनोऱ्यांपैकी उत्तरेचा 1776 मध्ये पडला आणि परत बांधला गेला नाही.

समोरच्या बॉम जीझस बॅसिलिकेचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून तिचा जांभा गोव्याच्या पावसात उघडा आहे. बाहेरच्या भिंतीजवळ उभे राहिले की दगडाला पडलेली भोके आणि झडलेल्या कडा स्पष्ट दिसतात. तांबूस रंगाचे ते रूप पर्यटकांना आवडते खरे. पण मऊ दगडावरचा चुना हे त्याचे संरक्षण होते, आणि ते त्याला परत द्यावे या मताचा मी आहे.

टेकडीवरच्या सेंट ऑगस्टिन चर्चचे आता अवशेषच उरले आहेत. 1835 मध्ये ते ओस पडले, 1842 मध्ये छताची कमान कोसळली आणि 1931 मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. 46 मीटर उंचीचा एकटा मनोरा उरला आहे. मधल्या मोकळ्या चौकात उभे राहिले की दोन्ही बाजूंच्या खांबांचे बुंधे ओळीने दिसतात, आणि छत कुठल्या दिशेने रेटत असेल हे मोकळ्या आकाशाखाली फार सोपे होऊन कळते.

रविवार, पणजी

बेतीच्या फेरीबोटीतून मांडवी ओलांडली, कारण पाण्यावरून पूल जसे दिसतात तसे रस्त्यावरून दिसत नाहीत. 5 जुलै 1986 रोजी इथला पहिला पूल कोसळला तेव्हा उत्तर गोव्याला पणजीशी जोडायला पुन्हा फेरीबोटींचाच आधार घ्यावा लागला होता. आज रस्त्याचे तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. मधला, केबलांनी तोललेला पूल 2019 च्या जानेवारीत खुला झाला; मुंबईतल्या पुलासारखे त्याचेही नाव अटल सेतूच आहे. मधल्या गाळ्यांचे वजन केबलांनी मनोऱ्यांकडे उचलून घेतल्यामुळे पात्रात त्याचे खांब दूर दूर आहेत. शेजारच्या जुन्या पुलांचे खांब जवळ जवळ आहेत आणि खालच्या अंगाला त्यांच्यावर शिंपल्यांची तीच काळी पट्टी आहे.

दुपारी रायबंदरकडे जाणाऱ्या जुन्या बांधावर गेलो. व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिस याने 1633–34 मध्ये बांधवून घेतलेला हा सुमारे तीन किलोमीटरचा मार्ग आजही रोजच्या वाहतुकीत आहे. बांध भरीव आहे, पण जागोजागी जांभ्याच्या कमानी ठेवून भरतीचे पाणी आतल्या मिठागरांत जाऊ-येऊ दिले आहे. ओहोटीच्या वेळी रस्त्याखाली उतरून पाहिले तर बसके, रुंद खांब चिखलात घट्ट बसलेले दिसतात. त्यांच्यावर आडवा जोर फारसा येतच नाही, कारण भरतीचे पाणी इथे सावकाश चढते आणि सावकाश उतरते. एका कमानीच्या सांध्यात मात्र पिंपळाचे रोप चांगले मनगटाएवढे जाड झाले होते आणि त्याच्या मुळाने दोन दगड एकमेकांपासून सरकवले होते. फोटो काढून तो तारीख आणि जागेसह संबंधित कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवला आहे.